मालकाचा परवाना गेला, तुमचा पगार नव्हे

चेन्नईत अण्णा सालईवर, तेनामपेट भागात, डीएमएस नावाचे मोठे सरकारी आवार आहे. मेट्रोचे स्थानकही त्याच नावाने ओळखले जाते, एजी-डीएमएस. तमिळनाडूचे वैद्यकीय आणि ग्रामीण आरोग्य सेवा संचालनालय या आवारात आहे. खासगी रुग्णालये, दवाखाने आणि तपासणी केंद्रे यांची नोंदणी १९९७ च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली हेच खाते पाहते. नोंदणी थांबवण्याचे आणि रद्द करण्याचे आदेशही याच खात्याकडून निघतात. राज्याच्या कामगार आयुक्तांचे कार्यालयसुद्धा याच आवारात आहे. म्हणजे ज्या खात्याच्या कागदाने दवाखान्याला कुलूप लागते, त्याच्याच शेजारी अडकलेल्या पगारासाठी दाद मागायची जागा आहे. पण दवाखाना बंद पडल्यावर कर्मचारी सहसा मालकाच्या दारात उभे राहतात, मालकाच्या वकिलाला फोन करतात आणि शेवटी सामान बांधून गावी परततात. कामगार कार्यालयाची पायरी फारच थोडे चढतात. हा लेख त्या न चढलेल्या पायरीसाठी आहे.

मिरजेची सिस्टर, नांदेडचा लॅब टेक्निशियन, बेळगावहून सीएकडे आर्टिकलशिप करायला गेलेला मुलगा अशी आपली कितीतरी माणसे चेन्नईत कामाला आहेत. मालकावर कारवाई झाली की त्यांची अडचण दुप्पट होते. नोकरी हातातून जाते आणि समोरचा कागद तमिळमध्ये असतो.

अशा घटना विरळ नाहीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये चेन्नईजवळच्या पम्मल इथल्या एका खासगी रुग्णालयात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पुदुच्चेरीचा २६ वर्षांचा तरुण दगावला. चौकशी झाली आणि आरोग्य खात्याने रुग्णालयाची नोंदणी काही काळ थांबवली. २०२२ मध्ये अल्पवयीन मुलीची स्त्रीबीजे विकल्याच्या प्रकरणात तमिळनाडूतल्या चार रुग्णालयांवर बंदीची कारवाई जाहीर झाली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कांचीपुरम जिल्ह्यातल्या सुंगुवारचत्रम इथल्या स्रेसन फार्मास्युटिकल्सचा परवाना रद्द होऊन कारखाना बंद झाला. त्यांच्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकोल हे विष निघाले होते. छिंदवाड्याची जी मुले त्या औषधाने गेली, त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होती, म्हणून ती बातमी आपल्याकडे फार जवळून वाचली गेली.

या कारवाया व्हायलाच हव्यात. रुग्णाचा जीव नोकरीपेक्षा मोठा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या सिस्टरने रात्रपाळी केली, ज्याने फरशी पुसली, ज्याने रिसेप्शनवर पावत्या फाडल्या, त्यांनी केलेल्या कामाचा पगार त्या गुन्ह्याबरोबर बुडावा असे कोणताही कायदा म्हणत नाही.

आदेशात तुमचे नाव नसते

सर्वात आधी हे समजून घ्या. नियामकाचा आदेश मालकाला उद्देशून असतो आणि धंदा किंवा व्यवसाय करायला मनाई करतो. तुमची नोकरी त्या आदेशाने संपत नाही. मालक लेखी संपवेपर्यंत किंवा तुम्ही राजीनामा देईपर्यंत तुम्ही नोकरीतच असता.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: नोंदणी थांबवली आहे की रद्द केली आहे? थांबवली असेल तर दवाखाना पुन्हा सुरू होऊ शकतो. रद्द केली असेल तरी मालक अपिलात किंवा मद्रास उच्च न्यायालयात जाऊन स्थगिती आणू शकतो. दोन्ही वेळी मालकाचे पहिले वाक्य ठरलेले असते: "सध्या घरी बसा, बघू." हे तोंडी ऐकून घरी बसू नका. त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा की आपण कामावर हजर राहायला तयार आहोत, काम कधी आणि कुठे करायचे ते लेखी कळवावे. पुढे "हेच कामावर यायचे बंद झाले" असे मालकाने म्हटले, तर त्याला हा एवढा मजकूर उत्तर म्हणून पुरतो.

काही ठिकाणी सांगतात की ले-ऑफ आहे, म्हणजे काम तात्पुरते थांबले आहे, अर्धा पगार मिळेल. ले-ऑफच्या निम्म्या पगाराची तरतूद कारखाना, खाण आणि मळा यांच्यासाठी आहे. स्रेसनसारख्या कारखान्यात तिचा विचार होऊ शकतो. दवाखाना, लॅब किंवा सीएचे ऑफिस त्यात बसत नाही. तिथे नेमणूक पत्रात तशी अट नसेल, तर नोंदणी थांबलेल्या काळातला पूर्ण पगार मागा.

राजीनामा देऊ नका

हे मी वेगळ्या मथळ्याखाली लिहीत आहे, कारण सर्वात जास्त नुकसान इथे होते. दवाखाना बंद पडल्यावर दोन-चार दिवसांत एचआरकडून फोन येतो: "राजीनामा द्या, म्हणजे रिलीव्हिंग लेटर लगेच देतो, पुढच्या नोकरीला अडचण नको." माणूस घाबरलेला असतो, नवीन नोकरी शोधायची असते, तो सही करतो. त्या सहीने नोटिशीचा पगार जातो, बंदीची भरपाई जाते आणि ईएसआयचा बेकारी भत्ताही धोक्यात येतो, कारण तो आपणहून नोकरी सोडणाऱ्याला मिळत नाही.

अनुभवाचे प्रमाणपत्र राजीनाम्याच्या बदल्यात द्यायची वस्तू नाही. ते हवे असेल तर वेगळा अर्ज करा. दुसरी नोकरी मिळाली आणि जावेच लागले, तर पत्रात कारण स्पष्ट लिहा: "अमुक तारखेच्या सरकारी आदेशामुळे आस्थापना बंद झाल्याने आणि मला काम व पगार न मिळाल्याने मी दुसरीकडे रुजू होत आहे. माझी सर्व देणी बाकी आहेत." "वैयक्तिक कारणास्तव" हे दोन शब्द लिहू नका.

बाँडचेही असेच. दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला असेल आणि मालकच काम देऊ शकत नसेल, तर मुदतीआधी गेल्याबद्दल त्याने पैसे मागण्याला आधार उरत नाही. नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रे ऑफिसात ठेवून घेतली असतील तर ती लगेच लेखी मागा. ती सीलबंद खोलीत अडकली असतील तर सील लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज करा की माझी प्रमाणपत्रे आणि खासगी सामान पंचांसमक्ष काढून द्यावे. अर्जाची पोचपावती घ्या.

तपासणीचे पथक आले असेल तेव्हा

पथक नोंदी मागते, जबाब घेते. "ती वही घरी घेऊन जा", "कॉम्प्युटरवरचे ते फोल्डर काढून टाक" असे मालकाने सांगितले तर तसे करू नका. पुरावा नष्ट करणे हा तुमचा स्वतःचा गुन्हा होतो. मालकाने सांगितले म्हणून केले, या सबबीने तो माफ होत नाही. सोनोग्राफी केंद्रात काम करणाऱ्यांनी हे फार जपावे. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात नोंदी नीट न ठेवणे हाच गुन्हा आहे आणि नोंदी लिहिणारा हात बहुधा कर्मचाऱ्याचा असतो. मागच्या तारखेच्या नोंदी आज भरून द्यायला ठाम नकार द्या.

पंचनाम्यावर किंवा जबाबावर सही मागितली तर आधी वाचून घ्या. तमिळ येत नसेल तर इंग्रजीत किंवा हिंदीत समजावून मागा आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "मला तमिळ वाचता येत नाही, मजकूर मला अमुक भाषेत सांगण्यात आला." प्रकरण पोलिसांकडे गेले असेल, तर तपासात पोलिसांनी साक्षीदाराच्या लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते आणि साक्षीदार महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे जाऊन विचारावे लागते. हे दोन्ही नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत.

पहिल्या आठवड्यातले कागद

सील लागल्यावर हजेरीपट, पगाराचे रजिस्टर, बायोमेट्रिकचे यंत्र, सगळे आत राहते. म्हणून बाहेर जे मिळेल ते जमवा. नेमणूक पत्र, पगारवाढीची पत्रे, सॅलरी स्लिपा, पगार जमा झाल्याचे बँक पासबुक, ओळखपत्र, ड्युटी रोस्टरचे फोटो, व्हॉट्सॲप गटातले पाळीचे निरोप, पीएफचा यूएएन क्रमांक, ईएसआयचा विमा क्रमांक. पगार रोख मिळत असेल तर बरोबरच्या तिघा-चौघांनी मिळून एकमेकांच्या कामाच्या तारखा लिहून सह्या कराव्यात.

बंदीच्या आदेशाची प्रत मिळवा, कारण त्यावरची तारीख पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे. दारावर चिकटवलेली असेल तर फोटो काढा. नसेल तर माहिती अधिकाराखाली संचालनालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

आणि सर्वांनी एकत्र राहा. २० जणांचा एक अर्ज कामगार अधिकाऱ्यासमोर ज्या वजनाने पडतो, त्या वजनाने २० सुटे अर्ज पडत नाहीत. भाषेचा प्रश्नही यात सुटतो, तमिळ सहकारी बरोबर असतात.

पगार: दोन दिवसांची मुदत

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या वेतन संहितेचा एक नियम या प्रसंगासाठीच लिहिल्यासारखा आहे. कर्मचाऱ्याला काढले, कर्मचारीकपातीत त्याची नोकरी गेली, त्याने राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडून तो बेकार झाला, तर त्याचा पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता झाला पाहिजे. "पुढच्या महिन्यात फुल अँड फायनल करू" हे उत्तर आता कायद्यात बसत नाही.

पगाराच्या बाबतीत ही संहिता व्यवस्थापक आणि कारकून असा भेद करत नाही. ८० हजार पगाराचा प्रशासकही तिच्याखाली दावा करू शकतो. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि ठरलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. दहापट हाती पडेल असे समजू नका, तो कमाल आकडा आहे. पण नोटिशीत त्याचा उल्लेख जरूर करा.

नोटीस साधी असावी. एका पानात नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा मिळाला, किती बाकी आहे, शिल्लक रजेचे पैसे किती, नोटिशीचा पगार किती, आणि सात दिवसांत न दिल्यास कामगार खात्याकडे दावा करू असे एक वाक्य. स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. पत्ता दवाखान्याचा आणि मालकाच्या घराचा, दोन्ही घाला. सील लागलेल्या दारावर पोस्टमन पत्र कोणाला देणार?

मग अर्ज घेऊन डीएमएस आवारात जा. संहिता नव्या आहेत आणि काही खिडक्यांवर अजून जुन्या कायद्यांची नावे चालतात, म्हणून अर्जात "वेतन संहिता, २०१९ किंवा लागू असेल तो कायदा" असे लिहा. इंग्रजीत लिहिलेला अर्ज चालतो.

साफसफाई आणि सुरक्षेची माणसे बहुधा ठेकेदाराची असतात. ठेकेदार पगार देत नसेल तर ती जबाबदारी मुख्य मालकावर येते. त्यांना वेगळे पडू देऊ नका, आपल्याच अर्जात त्यांची नावे घाला.

बंदीची भरपाई आणि मालकाची मोठी सबब

कायदा असा आहे: आस्थापना बंद झाली तर ज्या कामगाराची सलग सेवा किमान एक वर्ष झाली आहे, त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. सहा महिन्यांहून अधिकचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते, औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ५० किंवा अधिक कामगार असतील तर मालकाने बंदीआधी ६० दिवस सरकारला कळवायचे असते.

पण त्यात एक पळवाट आहे. बंदी मालकाच्या आवाक्याबाहेरच्या अटळ कारणाने झाली असेल, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती मर्यादित होते. १५ वर्षे काम केलेल्या माणसाला साडेसात महिन्यांऐवजी फक्त तीन. आणि मालकाचा वकील नेमके हेच म्हणतो: "सरकारने बंद केले, आमच्या हातात काय होते?"

या सबबीचे उत्तर मला कायद्यातच दिसते. अटळ कारण म्हणजे काय नव्हे, हे त्याने सांगून ठेवले आहे. आर्थिक तोटा हे अटळ कारण नाही. न खपलेला माल पडून राहणे हे नाही. आणि जागेच्या भाडेपट्ट्याची किंवा परवान्याची मुदत संपणे हेही नाही. आता विचार करा. परवान्याची मुदत नुसती संपली तरी जर मालकाला सबब मिळत नसेल, तर स्वतःच्या निष्काळजीपणाने, अस्वच्छ ऑपरेशन थिएटरने, खोट्या नोंदींनी परवाना गमावणाऱ्याला ती कशी मिळावी? नियामकाच्या आदेशात बंदीची कारणे लिहिलेली असतात आणि ती मालकाच्या चुकांचीच यादी असते. तो आदेश तुमच्या बाजूचा सर्वात भक्कम कागद आहे, त्याची प्रत मिळवा असे वर आग्रहाने म्हटले ते याचसाठी. प्रत्येक खटल्याचा निकाल त्याच्या तथ्यांवर लागेल. पण तीन महिन्यांच्या रकमेवर "पूर्ण आणि अंतिम" म्हणून सही करण्याआधी हा मुद्दा कामगार अधिकाऱ्यासमोर मांडा. पैसे हातात येत असतील आणि नाकारणे परवडत नसेल, तर घ्या. पावतीवर "हक्क राखून, हरकतीसह स्वीकारले" असे लिहा.

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. ही भरपाई "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांना मिळते. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय पदे तिच्याबाहेर आहेत, आणि महिना १८ हजारांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षकही. सिस्टर, टेक्निशियन, फार्मसिस्ट, कारकून, वॉर्डबॉय आत येतात. पदाच्या नावावर जाऊ नका. "फ्लोअर मॅनेजर" म्हणून छापलेले ओळखपत्र असले तरी दिवसभर रक्ताचे नमुने घेत असाल तर तुम्ही कामगारच आहात. न्यायालये कामाचे स्वरूप पाहतात.

व्यावसायिकाचे ऑफिस उद्योग ठरते का, हा आणखी एक जुना वाद आहे आणि त्याचे मूळ मुंबईत आहे. १९६२ मध्ये मुंबईच्या एका सॉलिसिटर फर्मच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वकिलांची फर्म उद्योग नव्हे. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध निकालाने ते मत बदलले. रुग्णालये आणि मोठी व्यावसायिक ऑफिसे उद्योगाच्या व्याख्येत आली, एक-दोन मदतनीस घेऊन बसणारा डॉक्टर किंवा वकील बाहेर राहिला. छोट्या ऑफिसात असाल तर म्हणूनच वेतन संहितेचा रस्ता आधी धरा.

तमिळनाडूत आणखी एक आधार आहे, राज्याचा १९४७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे सहा महिने सलग नोकरी झालेल्याला वाजवी कारणाशिवाय आणि एक महिन्याच्या नोटिशीशिवाय किंवा तिच्या पगाराशिवाय काढता येत नाही. त्याविरुद्ध कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे अपील होते, ते महिन्याच्या आतच करा. वकिलाच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी मात्र याच्या भरवशावर राहू नये. केरळच्या तशाच कायद्याबद्दल १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाचे ऑफिस त्यात येत नाही असे ठरवले आहे.

ग्रॅच्युइटी, फंड, ईएसआय

दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर पाच वर्षांच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी लागू होते. हिशेब सोपा आहे: शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार २६ हजार आणि सेवा सात वर्षे असेल तर एक लाख पाच हजार रुपये. नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर जादा भाग पगारात धरायचा आहे, त्यामुळे मूळ पगार मुद्दाम कमी दाखवलेल्यांची रक्कम वाढते. मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना आता एका वर्षानंतरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. पाचवे वर्ष पुरे व्हायला थोडे दिवस कमी पडत असतील तर निराश होऊ नका. चार वर्षे आणि पाचव्या वर्षातले २४० दिवस पुरेसे आहेत, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने मेत्तूर बिअर्डसेलच्या प्रकरणात दिलेला आहे आणि चेन्नईत तो तुमच्या घरचाच निकाल आहे.

फंडाचे पासबुक आजच उघडून बघा. पगारातून कापलेली वर्गणी मालकाने भरली नसेल तर तो अपहाराचा गुन्हा आहे. तक्रार भविष्य निर्वाह निधीच्या ऑनलाइन तक्रार खिडकीवर किंवा रॉयपेट्ट्याच्या कार्यालयात करता येते. मालक नोकरी सोडल्याची तारीख भरत नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. त्यासाठी मालकाच्या सहीची वाट पाहू नका.

ईएसआयबद्दल फार कमी लोकांना माहीत असते. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि वर्गणी कापली जाते, त्यांच्यासाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. आस्थापना बंद झाल्याने किंवा कपातीने नोकरी गेली आणि किमान दोन वर्षांची वर्गणी असेल, तर २४ महिन्यांपर्यंत बेकारी भत्ता मिळू शकतो, पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या निम्मा आणि पुढचे १२ महिने पाव. त्या काळात स्वतःला आणि कुटुंबाला औषधोपचारही मिळतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत ९० दिवसांपर्यंत निम्म्या दराने मदत आहे. ती मुदतीने वाढवली जाणारी योजना असल्याने चालू आहे का ते शाखेत विचारा. गरोदर असाल आणि वर्गणीचे दिवस भरले असतील, तर दवाखाना बंद झाला तरी प्रसूतीचा लाभ ईएसआयकडून मिळतो, कारण तो महामंडळ देते, मालक नव्हे. चेन्नईतले विभागीय कार्यालय नुंगमबाक्कममध्ये स्टर्लिंग रोडवर आहे.

मालकाकडे पैसेच नसतील तर

मालक कोण आहे ते आधी शोधा. एकट्याचा दवाखाना किंवा भागीदारी फर्म असेल तर देणे मालकाच्या, प्रत्येक भागीदाराच्या खासगी मालमत्तेवरही येते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर तसे सहसा होत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत दावा नोंदवा, चेन्नईत ते न्यायाधिकरण राजाजी सालईवर आहे. अवसायनात कामगारांचे २४ महिन्यांचे देणे बँकांच्या तारण कर्जाच्या बरोबरीने धरले जाते, इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे त्यानंतर. फंड आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतली रक्कम त्या वाटपात येतच नाही.

दुसऱ्या एका प्रकारावर नजर ठेवा. एका डॉक्टरची नोंदणी जाते आणि महिनाभरात त्याच जागेत, तीच यंत्रे, नातेवाइकाच्या नावाने नवी पाटी लागते. "नव्याने नेमणूक घ्या" असे सांगतात. आस्थापना दुसऱ्याच्या हाती गेली तर एकतर तुमची सेवा न तुटता त्याच अटींवर पुढे चालली पाहिजे, नाहीतर कपातीची भरपाई मिळाली पाहिजे. नव्या पत्रात जुनी रुजू तारीख लिहून घ्या.

थांबावे की जावे

मालक म्हणतो, अपील जिंकू. जिंकेलही. पण २००२ मध्ये अमेरिकेत आर्थर अँडरसन या जगप्रसिद्ध लेखापरीक्षण फर्मला एन्रॉन प्रकरणात दोषी ठरवले गेले आणि तिने आपला परवाना परत केला. तेव्हा जगभर सुमारे ८५ हजार माणसे तिच्याकडे होती. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तोपर्यंत फर्म उरली नव्हती. आपल्याकडे सत्यम प्रकरणात सेबीने २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाउसवर नोंदणीकृत कंपन्यांच्या लेखापरीक्षणाला दोन वर्षांची बंदी घातली, २०१९ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने ती उठवली, आणि ती फर्म टिकली. मालक मोठा असेल, त्याची बाकीची कामे चालू असतील आणि या महिन्याचा पगार वेळेवर झाला असेल, तर थांबायला हरकत नाही. पगार चुकला असेल तर दुसरी नोकरी शोधा. दुसरीकडे रुजू झाल्याने मागचे देणे बुडत नाही.

आर्टिकलशिपच्या मुलांना पगार नसून विद्यावेतन असते, त्यामुळे ग्रॅच्युइटी वगैरे त्यांना लागू नाही. त्यांनी वेळ जपावा. प्रशिक्षण देणाऱ्या सीएचे प्रमाणपत्र गेले तर झालेल्या प्रशिक्षणाची नोंद फॉर्म १०९ ने करून घेऊन दुसऱ्या सीएकडे फॉर्म १०३ ने नोंदणी करायची असते. सही मिळत नसेल तर नुंगमबाक्कमच्या आयसीएआय भवनात लगेच लेखी कळवावे. गेलेले महिने पुन्हा करायची वेळ येऊ नये म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातले आहे.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. उत्पन्न कितीही असो, महिलांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे.

आणि हे वाचणाऱ्या ज्यांचा दवाखाना, लॅब किंवा ऑफिस आज व्यवस्थित चालू आहे, त्यांना एकच विनंती. नेमणूक पत्र, गेल्या सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, यूएएन आणि ईएसआय क्रमांक यांचे फोटो आज रात्रीच काढा आणि गावी घरच्यांच्या फोनवर पाठवून ठेवा.